कॉफीचे दळण : घरातला ग्राइंडर निवडताना आणि वापरताना

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातले राजेश्वर हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असा तिथला त्रिभाषिक संसार. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. पेयाचे वळणही हैदराबादीच राहिले, म्हणजे चहाचे. भारतातल्या एकूण कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते खरी, परंतु चिकमगळूर, कोडगू आणि हासन हे तिचे जिल्हे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. राजेश्वरच्या ओसरीवर कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली इन्स्टंटची बाटली.

गेल्या दिवाळीत आजोळी जाताना मी पिशवीत एक हातग्राइंडर आणि पाव किलो भाजलेल्या बिया नेल्या. मामींनी तो उघडून आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर जातंच की! खुंटा तेवढा डोक्यावर गेलाय.’’ कॉफीच्या ग्राइंडरविषयी गेल्या काही वर्षांत मी जेवढे वाचले, त्या सगळ्यापेक्षा हे वाक्य अधिक नेमके होते.

जात्यात दोन तळ्या असतात. धान्य मधल्या तोंडातून आत पडते, फिरणाऱ्या आणि स्थिर तळीच्या फटीत सापडते, कडेकडे सरकताना बारीक होत जाते आणि कडेने बाहेर पडते. पीठ किती बारीक येणार हे त्या फटीवर ठरते. डाळ भरडायची तर फट मोठी हवी, भाकरीचे पीठ हवे तर लहान. चांगल्या कॉफी ग्राइंडरमध्येही दोन दातेरी भाग असतात. एकमेकांत बसणारे दोन शंकू, नाहीतर समोरासमोर ठेवलेल्या दोन चपट्या तबकड्या. त्यांतले अंतर कमी-जास्त करण्यासाठी एक चकती असते. या प्रकाराला आपण चक्कीचा ग्राइंडर म्हणू. बाजारात स्वस्तात मिळणारा दुसरा प्रकार पात्याचा. तो दळत नाही, फोडतो. पात्यासमोर जी बी पुन्हा पुन्हा आली तिचा भुगा होतो, कडेला राहिलेल्या बीचे तुकडेच राहतात.

हा फरक जिभेला का कळतो? गरम पाणी कॉफीच्या कणातून आधी आंबट आणि फळांसारखे रस ओढते, मग गोडवा, शेवटी कडवट आणि तुरट द्रव्ये. कण बारीक असेल तर हे सगळे झरझर होते, जाड असेल तर सावकाश. एकाच पुडीत भुगाही असला आणि तुकडेही असले, तर एकाच पेल्यात भुग्यातला कडवटपणा उतरतो आणि तुकड्यांतला कच्चा आंबटपणाही. मग साखर वाढवा, दूध वाढवा, बिया बदला. उपयोग होत नाही. मी स्वतः हे शुल्क भरलेले आहे. पहिल्या पगारवाढीच्या आनंदात घरी एस्प्रेसो यंत्र आणले आणि त्यात वाण्याकडची तयार पूड घातली. सात-आठ सेकंदांत फिकट, आंबूस पाणी कपात आले. यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीवाल्याला बोलावले, तर त्याने पुडीचा डबा उघडून नुसते बोटांत चोळून पाहिले. यंत्र ठणठणीत होते.

म्हणून पहिला सल्ला हाच, की पैसे मोजकेच असतील तर ते आधी ग्राइंडरवर घालावेत. साधे स्टीलचे फिल्टर आणि चांगली चक्की यांची कॉफी महागडे यंत्र आणि वाईट दळण यांच्या कॉफीपेक्षा नि:संशय सरस होते. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरांच्या वर गेला होता; महाग झालेली बी वाईट दळून वाया घालवणे मध्यमवर्गीय घराला परवडणारे नाही.

हातग्राइंडर की विजेचा, हा प्रश्न रोजच्या कपांच्या संख्येवर सोडवावा. एकदोघांसाठी हातग्राइंडर पुरेसा आहे. वीस ग्रॅम बिया दळायला साधारण मिनिटभर लागते. फिकट भाजलेल्या बिया कडक असतात, त्यांना अधिक वेळ आणि दंडात अधिक जोर लागतो. त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा हातग्राइंडरचे दळण बहुधा सरस असते, कारण पैसा मोटारीत न जाता दात्यांत गेलेला असतो. शिवाय पावसाळ्यात वीज गेली तरी सकाळ अडत नाही. चारपाच माणसांच्या घरात, किंवा सांधेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी, विजेचाच घ्यावा.

दुकानात हातात घेतल्यावर बाहेरचे रंगरूप न पाहता मधला दांडा पाहावा. तो वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी बेअरिंगने धरलेला असावा. एकाच टोकाला धरलेला दांडा डुलतो, आणि जाडसर दळताना फट एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला लहान होते. माकणी सैल झालेले जाते जसे दळते, तसेच हे. दाते स्टीलचे की सिरॅमिकचे याविषयी लोक उगाच फार वाद घालतात. सिरॅमिक गंजत नाही आणि लवकर झिजत नाही, पण बियांत खडा आला तर त्याचा टवका उडू शकतो. धारदार स्टील लवकर आणि स्वच्छ कापते. आपल्याकडच्या सुट्या बियांत खडा निघणे अशक्य नाही, म्हणून माझा कौल स्टीलला.

आता दळणाच्या जाडीविषयी. परदेशी माहितीपत्रकांत समुद्री मीठ, वाळू अशा उपमा असतात. आपल्या स्वयंपाकघरात रव्याचे इतके प्रकार असताना त्यांची गरज नाही. इब्रिकमध्ये उकळायच्या तुर्की कॉफीला मैद्यासारखे पीठ लागते, आणि ते पुष्कळशा घरगुती ग्राइंडरांना जमत नाही. एस्प्रेसोला तांदळाच्या पिठीहून किंचित खरखरीत दळण हवे. मोका पॉटला त्याहून थोडे जाड, बारीक मिठासारखे. दक्षिणी फिल्टरला लाडवाचा बारीक रवा. कागदी गाळणीतून ओतून करायच्या कॉफीला उपम्याचा रवा, फ्रेंच प्रेसला इडलीचा रवा, आणि रात्रभर थंड पाण्यात भिजवायच्या कॉफीला ज्वारीच्या कण्यांहून थोडे बारीक. भिजण्याचा वेळ जितका जास्त तितके दळण जाड, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे यादी पाठ करावी लागत नाही. फ्रेंच प्रेसमध्ये पाणी आणि कॉफी चार मिनिटे एकत्र असतात, एस्प्रेसोत पंचवीस-तीस सेकंद. एस्प्रेसोत नऊ बार दाबाचे पाणी पुडीतून जात असते. त्याला अडवायला बारीक कणांचा घट्ट थर हवा. मोका पॉटमध्ये वाफेचा दाब त्यामानाने फारच थोडा. तिथे एस्प्रेसोइतकी बारीक पूड दाबून भरली तर पाणी अडते, कॉफी करपट येते आणि सुरक्षा झडपेवर नको तो ताण पडतो. मोकात पूड दाबायची नाही, हे गृहिणींनी आणि गृहस्थांनीही लक्षात ठेवावे.

आपल्या वाचकांच्या घरी सर्वांत अधिक असते ते दक्षिणी फिल्टर, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर. वरच्या भांड्यात वीस ग्रॅम पूड घालून छत्रीच्या चकतीने हलकेच सारखी करावी आणि नुकत्याच उकळी बसलेल्या पाण्याचे शंभर-सव्वाशे मिलिलिटर सावकाश ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरले तर दळण बरोबर आहे. पाच मिनिटांतच भांडे रिकामे झाले तर चकती एकदोन खुणा बारीक करावी. तासाभरानेही पाणी वरच थांबले असेल तर जाड करावी. यात चिकोरीचा हिशेब विसरू नये. चिकोरी ही भाजलेल्या मुळाची पूड. ती पाणी धरून ठेवते आणि झिरपणे मंद करते. बाजारातल्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा अन्नसुरक्षा नियम आहे आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. अशा मिश्रणावरून शुद्ध कॉफीवर आलात की तीच जाडी चालत नाही. दळण थोडे बारीक करावे लागते. ज्यांना चिकोरी हवी त्यांनी ती वेगळी आणून दळल्यानंतर मिसळावी, ग्राइंडरमध्ये घालू नये.

चव पाहून जाडी बदलायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर दळण बारीक करा. कडू आणि जिभेला कोरडी लागली तर जाड. बियांचे वजन मात्र तेच ठेवा, आणि ते चमच्याने न मोजता काट्यावर मोजा. याचे उत्तम उदाहरण मान्सून्ड मलबार. मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेल्या या बियांना २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या आकाराने मोठ्या, पण वजनाला हलक्या. तेवढेच चमचे घेतले तर कॉफी कमी पडते आणि दोष विनाकारण ग्राइंडरच्या माथी येतो.

राजेश्वरला मला एक अनपेक्षित अडचण आली. गोव्यात कधी न दिसलेली पूड तिथे उडू लागली. डब्याच्या काठाला, हाताला, मामींच्या पदराला भुगा चिकटत होता. हवा कोरडी असली की दळताना निर्माण झालेली स्थिर वीज सहजी निघून जात नाही. उपाय अगदी साधा आहे. दळण्यापूर्वी चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून बियांत फिरवावा, एकदोन थेंब पुरतात. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘मॅटर’ या नियतकालिकात हेच मोजून मांडले : थोड्या पाण्याने वीज कमी होते, गुठळ्या कमी होतात आणि एस्प्रेसोत अधिक अर्क उतरतो. मामींनी मात्र संशोधनाची वाट पाहिली नव्हती. ‘‘पाण्याचा हात लाव की जरा,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

गोव्यात अडचण उलटी असते. जून ते सप्टेंबर दळलेली पूड तासाभरात ओल धरते, म्हणून लागेल तेवढेच दळावे आणि ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात बिया साठवू नयेत. बिया घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून दूर ठेवाव्यात. रोज फ्रिजमधून काढ-घाल केली तर थंड बियांवर दव धरते. भाजल्याची तारीख नसलेली पाकिटे मी घेत नाही. अगदी कालच भाजलेल्या बियांचीही घाई नको. त्यांतून वायू निघत असतो, आठवडाभराने दळण आणि पाणी दोन्ही स्थिरावतात.

ज्यांच्याकडे फक्त मिक्सर आहे त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. चटणीच्या लहान भांड्यात तीस ग्रॅम बिया घ्याव्यात, दोन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवावे, पुन्हा फिरवावे. सलग फिरवले तर पूड तापते आणि सुगंध ओट्यावरच संपतो. शेवटी पिठाच्या चाळणीने चाळून अगदी बारीक भुगा वेगळा काढावा; फ्रेंच प्रेस आणि थंड कॉफीपुरते हे दळण चालते. भांडे मात्र कॉफीचे वेगळे हवे. लसणाचा वास दोन धुण्यांत जात नाही.

जात्याला वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावावी लागे. ग्राइंडरला तेवढे कष्ट नाहीत, पण कॉफीचे तेल दात्यांवर साचून खवट होते, म्हणून पंधरवड्याला तो उघडून कोरड्या ब्रशने झाडावा. स्टीलच्या दात्यांना पाणी लावू नये. कच्चे तांदूळ दळून साफ करण्याची युक्ती मिक्सरला ठीक. चक्कीच्या ग्राइंडरच्या मोटारीवर आणि दात्यांवर तिचा ताण येतो. उघडण्यापूर्वी चकतीची खूण कुठे होती ते लिहून ठेवावे. पुन्हा जोडताना दाते एकमेकांना जिथे जेमतेम टेकतात तो शून्य समजून तिथून खुणा मोजाव्यात, आणि पहिले चार-पाच ग्रॅम दळण टाकून द्यावे.