बापट, रणदिवे, खानोलकर : १९५८

डॉ. कमल रणदिवे यांच्यावरच्या चरित्रलेखांत दोन विधाने हमखास शेजारी-शेजारी येतात. रक्ताच्या, स्तनांच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगावर त्यांनी उंदरांमध्ये मूलभूत काम केले, हे एक. कुष्ठरोगावरची लस त्यांच्या संशोधनातून निघाली, हे दुसरे. पहिल्याबद्दल वाद नाही. दुसरे मात्र कागदांवर तपासून घ्यावे लागते, कारण कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कुष्ठरोगाचा जंतू आला कुठून, हे त्यात सांगितलेले नसते.

पहिला धागा पदव्यांच्या नोंदींत सापडतो. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी.; विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मार्गदर्शक टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. आता खानोलकरांचे प्रकाशित काम पाहा. १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा, १९५१ साली कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांतील ऊतींवरचा अहवाल. म्हणजे रणदिवे यांचे गुरू हे दोन्ही आजार आधीपासून एकाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एवढे पक्के आहे.

दुसरा धागा अमेरिकेतला. पीएच.डी.नंतर रणदिवे जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतील पेशी काचेत जिवंत ठेवणारी प्रयोगशाळा हीच. परतल्यावर त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे आयसीआरसीत, देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. त्याच १९५१ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी उंदरांतला रक्ताचा कर्करोग पेशीविरहित अर्काने दुसऱ्या उंदरात उतरतो, हे दाखवले होते. कर्करोग आणि संसर्ग यांच्यामधली भिंत तिथे पातळ झाली. रणदिवे यांचे संप्रेरके आणि अर्बुदजनक विषाणू यांच्या परस्परसंबंधांवरचे काम याच पातळ जागेवर उभे आहे.

यानंतर येतो मुख्य पुरावा. १९५८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरियॉलॉजी’च्या पहिल्याच खंडात एक अगदी छोटा लेख आला. लेखकांचा क्रम : सी. व्ही. बापट, के. जे. रणदिवे, व्ही. आर. खानोलकर. हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला, पण तो कृत्रिम माध्यमात वाढवणे कोणालाच जमले नव्हते; आजही जमलेले नाही. हा जंतू मज्जातंतूंत घर करतो. तेव्हा त्याला मज्जापेशीच द्याव्यात, अशी प्रयोगाची दिशा दिसते. रुग्णाच्या गाठीतला अंश मानवी गर्भाच्या पाठकण्याजवळच्या मज्जागुच्छांच्या संवर्धनात सोडला आणि काहीतरी वाढले. ते काय, हे ओळखण्याची पहिली खूण रंगाची. काचपट्टीवर गुलाबी कार्बोल फ्युक्सिन तापवून चढवायचे, मग आम्लाने धुवायचे. इतर जंतूंचा रंग उतरतो. क्षय आणि कुष्ठरोगाच्या कुळातल्या काड्या मात्र निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबीच राहतात. इथेही राहिल्या.

पण गुलाबी काडी म्हणजे कुष्ठरोगाचाच जंतू, असे सिद्ध होत नाही. लेखाचे शीर्षक इथे बारकाईने वाचावे. कुष्ठरोगाचा जंतू वाढवला, असे ते म्हणत नाही. कुष्ठरोग्याच्या शरीरातून वेगळा काढलेला, आम्लाने रंग न सोडणारा एक मायकोबॅक्टेरियम, एवढेच म्हणते. १९६१ साली याच तिघांनी आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग नियतकालिकात त्याच्या वाढीवर लिहिले, तेव्हाही शब्द तेच राहिले. तीन वर्षांत दावा वाढला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे हा जंतू बहुधा एव्हियम-इंट्रासेल्युलर गटातला, म्हणजे कुष्ठरोगाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद, असे ठरले. त्या निष्कर्षाने १९५८ च्या शीर्षकातला एकही शब्द खोटा पडत नाही.

जंतूला नाव मिळाले संस्थेचे : आयसीआरसी बॅसिलस. रणदिवे यांच्या उंदरांच्या एका वाणालाही तेच. १९६६ साली संस्था टाटा मेमोरियल केंद्रात विलीन झाली आणि तिचे नाव बदलले. जंतू आणि उंदीर जुनेच नाव वागवत राहिले.

आता लस. १९८३ साली याच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आयसीआरसी लसीवरचा रुग्णांचा आणि निरोगी स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिले नाव माधव गजानन देव यांचे, दुसरे पुन्हा बापट यांचे. वापरलेला वाण होता सी-४४, किरणोत्साराने मारलेला. म्हणून ‘रणदिवे यांची लस’ हे विधान कागदांना झेपत नाही. जंतू वेगळा काढण्यात त्या निश्चित होत्या, लसीची बांधणी पुढच्या पिढीची. दोन्ही टप्प्यांवर आढळणारे नाव बापटांचे आहे आणि चरित्रलेखांत तेच क्वचित दिसते. पहिल्या लेखातही त्यांचेच नाव अग्रस्थानी आहे. तेव्हा संवर्धनाच्या काचेवर रोजचा हात त्यांचा असावा, हा माझा तर्क. केवळ नावांच्या क्रमावरून त्याहून पुढे जाता येत नाही.

शेवटचा कागद १९९८ चा. तामिळनाडूत १,७१,४०० स्वयंसेवकांवर चार लसींची तुलना झाली होती. नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण दिले, मारलेल्या कुष्ठजंतूंसह बीसीजीने ६४ टक्के. आयसीआरसीचा आकडा होता ६५.५. खऱ्या कुष्ठजंतूपासून केलेल्या लसीच्या तोडीस तोड संरक्षण १९५८ च्या त्या सावध शीर्षकातल्या परक्या जंतूने दिले.