गरोदरपणातली साखर: दोनशे वर्षांची गोष्ट



आज आपण गरोदरपणात वाढणाऱ्या साखरेबद्दल बोलणार आहोत. आरोग्य केंद्रात गरोदर बाई तपासणीला गेली की सिस्टर तिला ग्लुकोजचं गोड पाणी प्यायला देतात, दोन तास बसवून ठेवतात आणि मग रक्त तपासतात. पुष्कळ जणींना वाटतं, यात अर्धा दिवस जातो, घरी कामं पडली आहेत, आणि मला तर काहीच त्रास होत नाही. एखादीची साखर जास्त निघाली, तर घरात लगेच म्हणतात, "गोड खाल्लं असेल जास्त." बिचारी गप्प बसते. चूक आपलीच, असं तिला वाटायला लागतं.

या दोन तासांच्या तपासणीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो ऐकला की दोन गोष्टी समजतात. ही साखर वाढते ती बाईच्या चुकीने नाही. आणि एक तपासणी अशी आहे की ती आपल्याकडे सर्रास राहून जाते.

मधुमेह आपल्याकडे फार जुना. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत त्याचं वर्णन आहे. लघवी मधासारखी गोड होते, तिला मुंग्या लागतात, म्हणून ते नाव. पण फक्त गरोदरपणात येणारी आणि बाळंतपणानंतर जाणारी साखर वैद्यकाच्या लिखाणात स्पष्टपणे आली ती जर्मनीतल्या बर्लिन शहरात, १८२४ साली. बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एका बाईची हकिगत लिहिली. वय बावीस, पाचवं बाळंतपण. तिला इतकी तहान लागायची की पाणी पिऊन भागत नसे, आणि लघवीत साखर उतरत होती. बाळ सुमारे साडेपाच किलोचं होतं, ते जन्मताना दगावलं. आई वाचली, आणि थोड्याच दिवसांत तिच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. डॉक्टरने लिहिलं की हा आजार गरोदरपणामुळेच आला असावा. पण असं का होतं, ते त्याला सांगता आलं नाही, आणि उपायही नव्हता.

पुढची शंभर वर्षं उपाय असा सापडलाच नाही. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असायचा. मग १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. इन्सुलिन हा आपल्या पोटातल्या स्वादुपिंडात तयार होणारा रस. रक्तातली साखर शरीराच्या कामाला लावायचं काम तो करतो. इन्सुलिन बाहेरून देता येऊ लागलं आणि मधुमेही बायका बाळंतपणातून सुखरूप बाहेर येऊ लागल्या. पण आईच्या साखरेने बाळाला नेमकं काय होतं, हे कोडं अजून सुटायचं होतं.

ते उलगडलं डेन्मार्कमधल्या पेडरसन या डॉक्टरने, १९५० नंतरच्या काळात. गरोदरपणात आपल्या पोटात वार तयार होते. बाळाला अन्न पोचवणारी ही वार काही रस सोडते, आणि त्यामुळे आईचं इन्सुलिन कमी लागू पडतं. बाळाला भरपूर अन्न मिळावं म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. बहुतेक जणींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून हे सांभाळून घेतं. काही जणींना ते जमत नाही, आणि साखर चढते. वार जशी वाढते तसा हा परिणाम वाढतो. म्हणूनच सहाव्या-सातव्या महिन्यातली तपासणी महत्त्वाची.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि अंगाने वाढतं. बाळंतपणात त्याचे खांदे अडकू शकतात. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचं जास्तीचं इन्सुलिन चालूच असतं, म्हणून बाळाची साखर एकदम उतरू शकते. अशा बाळाला तासाभरात अंगावर पाजायचं आणि त्याची साखर तपासायची ती याचसाठी. असं बाळंतपण घरी करायचं नाही, दवाखान्यातच करायचं, त्याचंही कारण हेच.

आता अमेरिकेतल्या बोस्टन शहराकडे जाऊ. तिथे ओसलिव्हन हे डॉक्टर आणि क्लेअर महान या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी ७५२ गरोदर बायकांच्या रक्तातली साखर मोजली आणि किती साखर म्हणजे जास्त, याचे आकडे १९६४ साली ठरवून दिले. आपल्यासाठी लक्षात ठेवायची गोष्ट पुढे आहे. हे आकडे मुळात बाळासाठी ठरवले नव्हते. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात कायमचा मधुमेह होतो का, हे त्यांना ओळखायचं होतं. म्हणजे ही तपासणी जन्माला आली ती आईची काळजी म्हणून. आज मात्र आपण ती बाळासाठी करतो, आणि बाळ हातात आलं की आईला विसरून जातो.

हे झालं परदेशात. आपल्या देशात अडचण वेगळी होती. तिकडच्या पद्धतीत बाईने उपाशी पोटी यायचं आणि तीन-चार वेळा रक्त द्यायचं. डोंगरातल्या वाडीवरून चालत येणाऱ्या गरोदर बाईला हे कसं जमणार? "उद्या सकाळी उपाशी या" असं सांगितलं की पुष्कळ जणी परत येतच नाहीत. चेन्नईचे डॉक्टर व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी पद्धत मांडली. जेवून आलेली असो वा उपाशी, बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार सुरू करायचे. उपाशी पोटीच्या तपासणीइतकी ही अचूक नाही, असं काही डॉक्टरांचं म्हणणं आहे, आणि तो वाद अजून चालू आहे. पण जी तपासणी बाईपर्यंत पोचतच नाही, तिची अचूकता काय कामाची? तमिळनाडू सरकारने २००७ साली प्रत्येक गरोदर बाईची अशी तपासणी सुरू केली. केंद्र सरकारने २०१४ साली देशभरासाठी सूचना काढल्या आणि २०१८ साली त्या सुधारल्या. नाव नोंदवताना एकदा, आणि ती नीट आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा, अशी दोन वेळा तपासणी करायची, असं त्यात आहे.

डॉक्टर शेषय्यांचा जन्मदिवस १० मार्च. तो दिवस आता आपल्या देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीसाठी पाळला जातो. आपण १० मार्च ओळखतो तो सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन म्हणून. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांच्या सुरक्षित बाळंतपणासाठी घर उघडलं. बाईला दोष न देता तिची काळजी घ्यायची, हे काम त्या घराने तेव्हा करून दाखवलं होतं.

आता आपल्या घाटापलीकडच्या गावांकडे या. "मधुमेह हा शहरातल्या, जाड, बसून खाणाऱ्या माणसांचा रोग," असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथल्या आया आपल्यासारख्याच. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पावणेतीन किलोच्या आतबाहेर. हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी धरलेली, अशी ही बाळं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. ज्यांच्यावर अंगमेहनतीचा भार जास्त, त्यांची लहान होती.

हीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर त्यांची साखर पुन्हा तपासली. त्यांतली जवळजवळ निम्मी अजूनही वजनाने कमी होती. तरीही मुलग्यांत शंभरातल्या ३७ जणांची आणि मुलींत शंभरातल्या १८ जणींची साखर प्रमाणाबाहेर होती. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, पण ते त्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे बारीक अंग, गावातलं राहणं आणि कष्टाचं काम असलं तरी साखर वाढू शकते. उद्या त्या मुलींना दिवस जातील तेव्हा तीच साखर आणखी चढू शकते. याचं मूळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्यात आहे. मग "गोड खाल्लं म्हणून झालं" असं त्या पोरीला कसं म्हणायचं?

आपलं खाणंही बदललं आहे. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, तिथे निघालेल्या भाताच्या जाती आपल्या खाचरांत आहेत. भात पिकला, पोट भरलं, हे चांगलंच झालं. पण उतारावरची नाचणी-वरी कमी झाली, गिरणीतला पांढरा तांदूळ आला, साखरेचा चहा आणि बिस्किटाचा पुडा आला. म्हणून साखर वाढलेल्या बाईने उपाशी राहायचं असं नाही, त्याने बाळाची उपासमार होते. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. ताटात भात कमी करून वालाची उसळ, डाळ, अंडं, सुकट-जवळा, टाकळा-कुरडूसारख्या रानभाज्या वाढवायच्या. नाचणीची भाकरी चांगलीच, पण तीही चार खाल्ल्या तर साखर चढणारच. जेवणानंतर थोडं चालायचं. दोन आठवड्यांत एवढ्याने साखर आटोक्यात आली तर उत्तम. नाही आली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतील. सुईला घाबरू नका. इन्सुलिन बाळापर्यंत जात नाही, आणि बहुतेक जणींचं ते बाळंतपणानंतर बंद होतं.

आपल्याकडची आणखी एक अडचण सांगते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर कामाला जातात. गरोदर बाईचा सहावा-सातवा महिना नेमका तिकडे जातो आणि दुसरी तपासणी बुडते. म्हणून निघण्याआधी आशाताईंना सांगा, माता-बाल कार्ड बरोबर न्या, आणि भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात ते दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, ती तिकडेही मिळते.

आता शेवटची, राहून जाणारी तपासणी. बाळंतपणानंतर साखर बहुतेक वेळा उतरते, आणि सगळ्यांना वाटतं, संपलं. पण गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा किमान सातपट असतो. बोस्टनमध्ये शोधायला निघाले होते ते हेच. सरकारी सूचनांप्रमाणे बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, आणि पुढे दर वर्षी एकदा. सहा आठवडे म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या जरा पुढे. या काळात आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गूळ-खोबरं प्रेमाने खाऊ घालतो. अन्नाची टंचाई असताना ती मोठी शहाणपणाची रीत होती. आता साखर वाढलेल्या बाळंतिणीसाठी गूळ कमी करा. अंडी, डाळ, भाजी, दूध मात्र कमी करू नका.

ही तपासणी विसरू नये म्हणून एक सोपी खूण आहे. बाळाची दीड महिन्याची लस असते, त्याच सुमाराला आईच्या तपासणीची वेळ येते. बाळाला लस द्यायला जाल तेव्हा आईचीही साखर तपासून घ्या. उपाशी पोटी यायचं का, तेवढं आदल्या दिवशी सिस्टरना विचारून ठेवा.

आणि बचत गटाच्या मैत्रिणींना एक काम. गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. ज्या बाईची साखर गरोदरपणात वाढली होती, तिचं नाव तिला विचारून लिहा. समोर दोन तारखा: दीड महिन्याची आणि वर्षाची. तारीख आली की तिच्याबरोबर कोणी जायचं ते बैठकीतच ठरवा. सासूबाई बरोबर गेल्या तर फारच चांगलं, घरातलं "गोड खाल्लं असेल" तिथेच थांबेल.