कार्ल फिलिप, राजपुत्र

कार्ल फिलिप, राजपुत्र : (१३ मे १९७९ – ). स्वीडनच्या बेर्नादोत घराण्यातील राजपुत्र व वेर्मलांडचे ड्यूक. राजे सोळावे कार्ल गुस्ताफ आणि राणी सिल्व्हिया यांचे एकुलते एक पुत्र. जन्म स्टॉकहोम येथे. जन्मतःच ते युवराज झाले आणि साडेसात महिन्यांतच ते पद थोरल्या बहिणीकडे, व्हिक्टोरियांकडे गेले.

१८१० च्या वारसा कायद्याप्रमाणे स्वीडनची गादी फक्त पुरुषांकडे जाई. व्हिक्टोरिया १९७७ मध्ये जन्मल्या, तरी वारस मानले जात होते ते राजांचे काका बर्टिल. ही विसंगती दूर करून, मुलगा असो वा मुलगी, पहिल्या अपत्यालाच गादी मिळावी, असे विधेयक कार्ल फिलिप यांच्या जन्माआधीच संसदेपुढे आले होते. मात्र असा बदल संसदेला दोनदा मंजूर करावा लागतो आणि मध्ये सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. ती सप्टेंबर १९७९ मध्ये झाली, नोव्हेंबरात दुसरी मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी १९८० पासून कायदा लागू झाला. दरम्यान पाळण्यात युवराज आलेले होते. राजांनी आक्षेप घेतला तो मुलीने गादीवर बसण्याला नव्हे, तर कायदा आधीच जन्मलेल्या मुलाला लावण्याला. २०२३ मध्ये एका माहितीपटात त्यांनी ती सल पुन्हा बोलून दाखवली. टीका होताच व्हिक्टोरियांबद्दल अभिमान असल्याचा खुलासाही केला. वडिलांचे दुःख समजण्याजोगे असले, तरी विधेयक आधीचे असल्याने त्यांची तक्रार काहीशी लंगडी पडते. शेजारच्या नॉर्वेने १९९० मध्ये असाच बदल करताना हा पेच टाळला : तेथे धाकटे भाऊ हाकोन वारसाक्रमात पुढे राहिले, थोरल्या बहीण मार्था लुईसे मागेच राहिल्या.

कार्ल फिलिप यांनी ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले, मोटारशर्यतींत भाग घेतला आणि ऑस्कर शिलबेरी यांच्यासह डिझाइन-व्यवसाय सुरू केला. स्वतःच्या वाचनदोषाबद्दल (डिस्लेक्सिया) ते जाहीरपणे बोलले आहेत. २०१५ मध्ये सोफिया हेल्क्विस्ट यांच्याशी विवाह. व्हिक्टोरिया आणि त्यांची मुले एस्टेल व ऑस्कर यांच्यानंतर वारसाक्रमात ते चौथे आहेत. २०१९ मध्ये राजांनी कार्ल फिलिप यांच्या मुलांना राजगृहातून वगळले, पण गादीवरील हक्क कायम ठेवला. २०२५ मध्ये जन्मलेली कन्या इनेस तीन भावांच्या मागे आहे, ती केवळ वयाने धाकटी म्हणून. जुन्या कायद्यात तिचे नावही आले नसते.