उत्तर कोकणातील पाखरांची शिकार आणि बंदुकीचा कायदा

डहाणूचा किनारा ताडामाडांचा आणि चिकूच्या वाड्यांचा. तेथून पूर्वेकडे वळले, की जमीन हळूहळू उंचावत जाते आणि तलासरीच्या बाजूला साग, खैर व उंबर यांची राने दिसू लागतात. उंबराला किंवा वडाला फळे आली, की त्यांवर हारोळ्यांचे थवे उतरतात. हारोळी म्हणजे पिवळ्या पायांचा हिरवा पारवा. त्याचा रंग पानांशी इतका मिळून जातो, की झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला वर काहीच दिसत नाही. अर्धवट खाल्लेली फळे तेवढी टपटप खाली पडत असतात. टाळी वाजवावी, तर रिकाम्या वाटणाऱ्या फांद्यांतून वीसपंचवीस पक्षी एकदम भरारतात. हा पक्षी जमिनीला पायच लावीत नाही, अशी लोकांची जुनी समजूत आहे. ती अक्षरशः खरी नसली, तरी त्याचे बहुतेक आयुष्य झाडाच्या शेंड्यावरच जाते, यात शंका नाही. शहरी वाचकांच्या परिचयाचा राखी पारवा निराळा. त्याला जुन्या विहिरींची कपारे आणि पडक्या तटांची भोके प्रिय. हे दोन्ही पक्षी एके काळी बंदुकीचे नित्याचे लक्ष्य होते, आणि त्यांच्या शिकारीच्या निमित्ताने या मुलखात शस्त्र कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचा इतिहासही उलगडतो.

बंदूक येण्यापूर्वी वारल्यांच्या हाती धनुष्यबाण, गलोल, गोफण आणि जाळे एवढीच साधने होती. ही शिकार हौसेची नव्हती. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली, म्हणजे कंदमुळे, मासे आणि पाखरे यांवरच दिवस काढावे लागत. नेम चुकला तरी बाण शोधून पुन्हा वापरता येई, आणि गलोलीचा खडा तर फुकटचा. पण या साधनांनी एका वेळी एखादेच पाखरू हाती लागे. एक सुटला की उरलेला थवा उडून जाई, आणि थव्याचे रक्षण जणू साधनाच्या उणेपणानेच होई.

ही मर्यादा छऱ्यांच्या बंदुकीने मोडली. आरंभीची बंदूक ठासणीची होती. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, त्यावर बोळा ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. दमट हवेत दारू सर्दली, की बार फुसका जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरावयाची दुनळी बंदूक प्रचारात आली आणि दोन बार पाठोपाठ काढता येऊ लागले. हिला 'बारा बोअर' म्हणतात, त्याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्यात नेमकी बसेल, अशी ही नळी; तिचा व्यास सुमारे ०.७२९ इंच भरतो. म्हणून आकडा वाढला, की नळी लहान होते.

पारव्याच्या शिकारीचे शास्त्र त्या काळच्या शिकाऱ्यांनी बारकाईने बसविले होते. इंग्रजी मापाचे सहा नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे २७० येतात. पारव्यासाठी तेच किंवा त्याहून बारीक छर्रे पसंत केले जात. अंतर पस्तीस ते चाळीस यार्डांच्या आत हवे, कारण पुढे छर्रे इतके पांगतात, की पक्षी त्यांच्या मधून निसटतो, किंवा एकदोन छर्रे लागून जखमी होतो आणि दूर जाऊन मरतो. उडत्या पक्ष्यावर नेम धरावयाचा नाही. तो जेथे पोहोचणार तेथे धरावयाचा. याचा हिशेब सोपा आहे. पारवा सेकंदाला साठ फूट वेगाने जात असेल आणि छऱ्यांस पस्तीस यार्ड कापावयास सेकंदाचा नववा हिस्सा लागत असेल, तर तेवढ्यात पक्षी साडेसहा फूट पुढे गेलेला असतो. नवशिक्याला चार हात पुढे, रिकाम्या आकाशात, बार टाकणे वेडेपणाचे वाटते, आणि म्हणून त्याचे बार पक्ष्याच्या शेपटीमागूनच जातात. हारोळीसाठी मात्र एवढी विद्याही लागत नसे. फळलेल्या वडाखाली पहाटे जाऊन बसले, की पक्षी आपण होऊन येत. बसलेल्या थव्यात बार टाकणे कसलेले शिकारी कमीपणाचे मानीत. तो नियम सर्वांनी पाळला असता, तर पुढच्या कायद्यांची गरज कदाचित पडली नसती.

१८६४ मध्ये मुंबई आणि सुरत रेल्वेने जोडली गेली आणि डहाणूचे रान मुंबईच्या हौशी बंदूकवाल्याला एका दिवसाच्या प्रवासावर आले. त्यानंतर चौदा वर्षांनी, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत, १८७८ चा शस्त्रांचा कायदा झाला. त्यातील 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तरवारी, खंजीर व भाले यांच्या जोडीला तीत धनुष्य आणि बाण यांचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे वारल्याच्या झोपडीत आढ्याला टांगलेले बांबूचे धनुष्य आणि साहेबाची दुनळी कायद्याने एकाच रांगेत बसविली. आणि तीही रांग सारखी नव्हती, कारण युरोपियनांना परवान्याच्या अटीतून सूट होती. वर्णावर आधारलेली ही सूट १९२० च्या नियमांनी काढून टाकली. त्याच १८७८ साली जंगलाचा कायदाही आला आणि राखीव रानात शिरणे हाच आदिवासींचा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले.

पाखरांच्या बाजूने कायदा उशिराच उभा राहिला. १८८७ चा पहिला कायदा फक्त नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीतील, विणीच्या हंगामातील विक्रीपुरता होता. १९१२ च्या कायद्याने पक्ष्यांची यादी दिली. तीत बदक, तित्तिर, लावा यांच्याबरोबर पारवेही आले आणि त्यांच्यासाठी शिकारबंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. योगायोग असा, की पुढे दोनच वर्षांनी, १ सप्टेंबर १९१४ रोजी, अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 'मार्था' नावाची पारवी मरण पावली. प्रवासी पारव्यांच्या जातीतील ती अखेरची. त्या जातीचे थवे एके काळी सूर्य झाकोळून टाकीत. बंदूक, जाळे आणि रेल्वेने पोहोचणारी शहरांची बाजारपेठ यांनी तिचा काही दशकांत निकाल लावला. युरोपातही तेव्हा जिवंत पारवे पेटीतून सोडून मारण्याच्या शर्यती होत. १९०० च्या पॅरिस येथील खेळांत अशाच शर्यतीत सुमारे ३०० पक्षी मेले. इंग्लंडने ही चाल १९२१ मध्ये कायद्याने बंद केली. पारव्याची जागा मातीच्या थाळीने घेतली; तिचे नाव मात्र 'मातीचा पारवा' असेच राहिले.

आता हवेच्या बंदुकीविषयी. तिला पोरखेळ समजण्याची चूक पुष्कळजण करतात. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्दोनी याची हवेची बंदूक प्रत्यक्ष वापरात घेतली होती. दाबलेल्या हवेवर ती एकामागून एक वीसच्या आसपास गोळ्या सोडी. पुढे ही बंदूक मुलांच्या हाती आली, आणि अशाच एका मुलाची हकीकत महाराष्ट्राच्या पक्षिशास्त्राच्या आरंभी उभी आहे. १९०८ मध्ये मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या अकराबारा वर्षांच्या सालिम अलीने मामाने दिलेल्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असली चिमणी खावी की नाही, हा घरात प्रश्न पडला, आणि मामा अमिरुद्दीन तैयबजी यांनी त्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटेही उघडून दाखविली. एका छऱ्याने एक चिमणी गेली आणि देशाला एक पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. पण हा हिशेब अपवादाचा आहे. इतर हजारो छऱ्यांनी काय मिळविले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

डहाणू-तलासरीत बंदुकीची सर्वांत कडू आठवण मात्र शिकारीची नाही. तलासरीचा भाग तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडे. सावकार व जमीनदार यांची वेठबिगार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी, हा तेथील रोजचा व्यवहार होता. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. पावसाळा संपताच गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. ५ आदिवासी ठार झाले, त्यांत जेठ्या गांगड हा एक होता. ज्यांच्या धनुष्यालाही १८७८ च्या कायद्याने शस्त्र म्हटले होते, त्यांच्यावर त्या दिवशी सरकारी काडतुसे झडली.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही कायदे नव्याने लिहिले गेले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच्या रचनेत हुमायून अब्दुलअली या पक्षितज्ज्ञाचा मोठा हात होता, आणि स्वतः बंदूक चालविणाऱ्या माणसाने तो घडविल्यामुळे त्यात व्यवहाराची जाण होती. शस्त्रांचा नवा कायदा १९५९ मध्ये झाला. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्यातही प्रथम लहान शिकारीचे परवाने शिल्लक होते, ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले. हारोळीला महाराष्ट्राने राज्यपक्षी मानले आहे, आणि तिच्यावर बार टाकणे हा गुन्हा आहे.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीची हवेची रायफल बाळगण्यास परवाना लागत नाही. त्यावरून तिने पाखरे मारण्यासही मोकळीक आहे, असे पुष्कळजण धरून चालतात. बंदुकीचा परवाना आणि पक्ष्याचे रक्षण या दोन निराळ्या कायद्यांतील बाबी आहेत. पहिल्याची सूट दुसऱ्याला लागू पडत नाही. ज्याला नेमाची हौस आहे, त्याने दहा मीटरांवर कागदाचे लक्ष्य लावावे, मागे भक्कम भिंत किंवा मातीचा ढीग असावा, आणि छर्रा कठीण पृष्ठावरून उलटून येतो हे ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्यासाठी १९५९ च्या कायद्याने पिकाच्या रक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद ठेवली आहे. पण तो परवाना बंदुकीचा. पिकाची नासधूस करणाऱ्या रक्षित प्राण्यावर ती चालवावयाची, तर वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी काढावी लागते. आणि हारोळीचा आहार तर मुख्यतः वडा-उंबरांच्या फळांचा आहे.