लिंगोचे डोळे

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेस पारी कुपार लिंगोच्या स्मरणार्थ गोंड समाज तेथे दूरदुरून येतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेली लिंगोकथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, छापली गेली. तिच्यात लिंगो भावजयांची अभिलाषा धुडकावतो आणि त्या त्याच्यावरच आळ घेतात. भाऊ शिकारीच्या मिषाने त्याला रानात नेऊन ठार मारतात, त्याचे डोळे उपटतात आणि घरी त्यांच्याच गोट्या खेळतात! हत्येमागे निदान संताप तरी आहे. हा खेळ त्याहून भयंकर.

आळाचे हे सूत्र पुरातन आहे. इजिप्तच्या ‘दोन भावांच्या कथे’त (इ. स. पू. तेरावे शतक) भावजयीच्या आळामुळे धाकटा भाऊ स्वतःचेच लिंग छाटतो. अशोकपुत्र कुणालाचे डोळे सावत्र आई तिष्यरक्षितेच्या सूडापायी जातात. कुणालाला दृष्टी परत मिळते. लिंगोही अमृताने उठतो.

कचारगडच्या मौखिक परंपरेत मात्र आणखी एक देह आहे, आणि तो पुन्हा उठत नाही. गुहेत कोंडलेली मुले सोडवताना शिळेखाली चिरडला गेलेला वादक हिरासुका पाटालीर.