नाताळच्या ताटातला माड

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठीत रूढ झालेला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला आहे, आणि पाव, काजू, बटाटा, अननस, पपई हे शब्दही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून या किनाऱ्यावर उतरले. त्यामुळे गोव्याच्या नाताळातले खाद्यपेय म्हणजे लिस्बनच्या स्वयंपाकघराची वसाहतीत काढलेली नक्कल, अशी समजूत सहज होते. उलट ताटातली नेवरी आणि गूळखोबरे पाहून हे सारे मूळचे इथलेच असून त्यावर केवळ परके नाव चढले, असेही म्हटले जाते. या दोन्ही समजुती सोयीच्या आहेत, परंतु एकही पुरेशी नाही. गोव्याच्या नाताळी ताटाची घडण राज्यकर्त्याने जितकी केली, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, दारातल्या माडाने केली आहे.

आफोंसो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा बेट जिंकले आणि १५४३ पर्यंत बारदेश व साष्टी हे प्रांतही पोर्तुगीजांकडे आले. तिसवाडीसह, म्हणजे गोवा बेटासह, या प्रदेशाला पुढे ‘जुन्या काबिजादी’, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, असे नाव पडले आणि मोठ्या प्रमाणावरील धर्मांतरे मुख्यतः येथेच झाली. नवख्रिस्ती पूर्वाचारांकडे परत वळू नयेत यासाठी १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविचलनाचा तपास करून शिक्षा ठोठावणारे न्यायपीठ, स्थापन झाले आणि मधला चार वर्षांचा खंड सोडता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. या न्यायपीठाने १७३६ मध्ये काढलेला निषेधांचा जाहीरनामा अनंत काकबा प्रियोळकरांच्या १९६१ च्या ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित झाला. धोतर आणि चोळी, तुळस, लग्नातले पानसुपारीचे उपचार यांच्याबरोबर त्यात भाताचीही दखल घेतलेली आहे: हिंदूंच्या रीतीप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असे ख्रिस्ती कुटुंबांना बजावलेले आहे. चुलीवरच्या भांड्यात मीठ पडले की नाही याची चौकशी करण्याइतकी सत्ता स्वयंपाकघरात शिरली होती, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही हा जाहीरनामा निघाला तेव्हा पहिल्या धर्मांतरांना पावणेदोनशेहून अधिक वर्षे उलटून गेली होती, आणि इतक्या काळानंतर बंदी घालावी लागते याचा अर्थ त्या रीती तोवर चालू होत्या असाच घ्यावा लागतो.

पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्री उपवास सोडण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या भोजनाला ‘कोंसोआदा’ म्हणतात. खारवलेला कॉड मासा हा त्यातला ठरलेला पदार्थ, आणि मध्यरात्रीच्या ‘मिसा द गालो’ या प्रार्थनेशी, म्हणजे शब्दशः कोंबड्याच्या मिसेशी, हे भोजन जोडलेले असते. गोव्यात हा शब्द पोहोचला, पण त्याचा अर्थ जेवणावरून सरकून गोडाच्या ताटावर जाऊन बसला. शेजारीपाजारी आणि आप्तांकडे रुमालाने झाकून पाठवायचे मिठाईचे ताट म्हणजे ‘कोंसोआद’. भोजन घरात बसून केले जाते आणि ताट घराबाहेर जाते, हा फरक केवळ शब्दाचा नाही. सणाचे गोड वाटल्यावाचून सण पुरा होत नाही ही धारणा या भूमीत पोर्तुगीजांच्या आधीपासूनची होती आणि परक्या शब्दाला तिने आपल्या कामाला लावले.

त्या ताटात पहिला मान नेवरीचा. देशावर जिला करंजी म्हणतात, तिलाच कोकण-गोव्यात नेवरी हे नाव आहे आणि गोव्यातील हिंदू घरांत ती गणेशचतुर्थीला होते. नाताळातली नेवरी आकाराने तीच असून सारणात खोबरे, गोडवा आणि वेलची हीच मंडळी असतात. तिच्या शेजारी ‘दोस’ असतो. पोर्तुगीजमध्ये ‘दोस’ म्हणजे नुसतेच गोड, परंतु गोव्यात त्या नावाखाली प्रामुख्याने जो पदार्थ ओळखला जातो तो चण्याची डाळ शिजवून, वाटून, साखर व खोबरे घालून घट्ट आटवतात आणि मग वड्या पाडतात. पुरणपोळीचे पुरण ज्याने आटवले आहे त्याला या कृतीत अनोळखी असे फारसे काही सापडणार नाही. पिठाच्या लहान गोळ्या काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर दाबून, गुंडाळून तळलेल्या ‘कुलकुलां’ना काही घरांत ‘किडयो’, म्हणजे किडे, असेही म्हणतात. सणाच्या पक्वान्नाला असे नाव ठेवण्याचा मोकळेपणा कोकणी घरालाच शोभतो. व्हाइसरॉयने १६८४ मध्ये कोकणीच्या वापरावर बंदी घालून तीन वर्षांत पोर्तुगीज रुजवण्याचा हुकूम काढला होता. ताटातल्या नावांवरून त्या हुकमाचे काय झाले ते दिसतेच: निम्मी नावे पोर्तुगीज, निम्मी कोकणी आणि जीभ तीच.

आता माडाकडे वळावे. युरोपातील गोडाधोडाचा पाया गहू, दूध, लोणी आणि बदाम यांवर उभा होता, तर गोव्याच्या किनारपट्टीत भात आणि नारळ यांचे राज्य होते. गहू बाहेरून आणावा लागे. दुधाची जागा नारळाच्या रसाने घेतली आणि गोडव्यासाठी साखरेबरोबर माडाचा गूळ आला. या गुळाचे मूळ ‘सूर’ या द्रवात आहे. माडाच्या न उमललेल्या पोयीला छेद देऊन जो गोड रस झिरपतो, त्याला गोव्यात सूर व कोकणात माडी म्हणतात आणि तो काढणाऱ्या व्यावसायिकाला गोव्यात ‘रेंदेर’ अशी संज्ञा आहे. ताजा सूर आटवला की गूळ मिळतो. काही तास ठेवला की तो आंबतो आणि ते आंबलेले पेय पिठात घातले की पीठ फुगते. आणखी राहू दिला की त्याचे ‘विनागर’, म्हणजे शिरका, बनते. आणि आंबलेला सूर भट्टीवर चढवला तर दारू निघते. एकाच झाडाच्या एकाच रसातून गोडवा, खमीर, आंबटपणा आणि नशा या चारही गोष्टी वेळेच्या आणि आचेच्या फरकाने मिळाव्यात, हे स्वयंपाकाच्या दृष्टीने विलक्षण सोयीचे होते.

ख्रिस्ती उपासनेला गव्हाची भाकर अपरिहार्य असल्यामुळे पाव भाजण्याची विद्या मिशनऱ्यांबरोबर आली आणि साष्टीतील माजोर्डा गावाने ती प्रथम आत्मसात केली, असे परंपरा सांगते. युरोपीय खमीर येथे हाताशी नव्हते. ते काम सुराने केले, आणि ‘पदेर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या पाववाल्याचा पाव दीर्घकाळ सुरावरच फुगत राहिला. नाताळच्या जेवणातल्या ‘सान्नां’, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या मऊ वड्यासुद्धा सुरानेच फुगतात. त्यांच्याबरोबर खाल्ले जाणारे ‘सोरपोतेल’ हे डुकराच्या मांसाचे व काळजाचे आंबटतिखट कालवण नावाने पोर्तुगीज ‘सारापातेल’चे वंशज आहे, पण त्याचा आंबटपणा माडाच्या विनागराचा आणि तिखटपणा अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेल्या मिरचीचा आहे. हे कालवण एक-दोन दिवस मुरल्यावर अधिक चांगले लागते, म्हणून ते सणाच्या आधीच करून ठेवतात. विनागरामुळे ते टिकते.

माडाच्या या बहुगुणांची युरोपीय भाषेतील एक जुनी आणि नेमकी नोंद गार्सिया द ओर्ता या वैद्याने केली. त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. सूर भट्टीवर चढवल्यावर जे पहिले कडक पेय उतरते त्याला ‘फुला’ म्हणतात आणि त्याचा अर्थ फूल असा आहे, असे तो सांगतो. दारूच्या पहिल्या धारेला फुलाचे नाव देणारे लोक रसिक होते यात शंका नाही. ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला होता, आणि ज्या इन्क्विझिशनच्या गोव्यात तो वारला त्याच न्यायपीठाने १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली.

ताटातला सर्वांत प्रतिष्ठित पदार्थ मात्र ‘बेबिंका’. अंड्याचे पिवळे बलक, साखर, नारळाचा घट्ट रस, थोडा मैदा आणि जायफळ यांचे सरसरीत मिश्रण करून त्याचा एक पळीभर थर तूप लावलेल्या भांड्यात ओततात व भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून फक्त वरून भाजतात. तो थर तांबूस झाला की त्यावर तूप सोडून पुढचा थर ओततात, आणि अशा रीतीने सात, तर कधी सोळा थर चढेपर्यंत स्वयंपाकिणीला चुलीपासून हलता येत नाही. निखारेही पारंपरिक घरात नारळाच्या सोडणांचे असत. बलकांची ही रेलचेल पोर्तुगालच्या जोगिणींच्या मठांतील मिठायांची खूण आहे: मादेइरा व ब्राझील येथील ऊसमळ्यांमुळे तेथे साखर मुबलक झाली होती आणि अंड्यांचा पांढरा भाग वस्त्रांना खळ देण्यासाठी वापरल्यावर बलक उरत, असे सांगितले जाते. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये पायाभरणी झालेल्या सांता मोनिका मठातील बेबियाना नावाच्या जोगिणीने लिस्बनच्या सात टेकड्यांची आठवण म्हणून सात थरांची ही मिठाई रचली, अशी दंतकथा सर्वत्र ऐकू येते. कथा गोड आहे, पण ती स्वीकारणे अवघड आहे. मकाऊमध्ये बेबिंका नावाची दुधाची खीरवजा मिठाई आहे, इतकी प्रसिद्ध की वायव्य प्रशांत महासागरातील वादळांच्या नावांच्या यादीसाठी मकाऊने तेच नाव सुचवले. आणि फिलिपिन्समध्ये ‘बिबिंका’ हा तांदूळ व नारळाचा केक वरखाली निखारे ठेवून भाजतात आणि नाताळाआधीच्या पहाटेच्या प्रार्थनांनंतर चर्चबाहेर विकतात. नाव, नारळ, वरचा विस्तव आणि सणाचा मोसम या चार गोष्टी इतक्या दूर जुळाव्यात हा योगायोग नव्हे. बेबिंकाचे मूळ एका मठात शोधण्याऐवजी गोवा, मलाक्का आणि मकाऊ यांना जोडणाऱ्या सागरी मार्गावर शोधणे अधिक युक्त ठरते. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास घोटून केलेले ‘दोदोल’ मलय द्वीपसमूहात व श्रीलंकेतही त्याच नावाने होते, हा त्याच मार्गाचा दुसरा पुरावा.

जे येथे मिळत नव्हते त्याला पर्याय शोधताना स्वयंपाकिणींनी दाखवलेली चतुराई फळांतही दिसते. पोर्तुगालमध्ये ‘मार्मेलो’ या फळाचा गर साखरेत आटवून ‘मार्मेलादा’ होते. गोव्यात ते फळ नव्हते, पेरू होता, म्हणून ‘पेराद’ झाली. बदाम महाग पडत, म्हणून मार्झिपान या बदामी मिठाईत काजू आला, आणि तो काजूही परकाच: ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणलेला. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोतेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काजूचे वर्णन आहे. पुढे बोंडूंच्या रसापासून, माडाच्या सुरासाठी आधीच सिद्ध असलेल्या भट्टीच्या तंत्राने, काजूची फेणी निघू लागली. भट्टीच्या पहिल्या उताऱ्याला ‘उर्राक’ म्हणतात आणि हा शब्द अरबी ‘अरक’शी नाते सांगतो, त्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन केले की ‘फेणी’ मिळते, आणि हे नाव फेसाच्या ‘फेण’वरून आले असे मानतात. बोंडू मार्च ते मे या महिन्यांतच पिकत असल्याने नाताळात ओतली जाणारी काजूफेणी ही मागच्या उन्हाळ्याची साठवण असते. माड मात्र बारमाही झिरपतो, म्हणून माडाच्या फेणीला मोसमाचे बंधन नाही.

गोव्याबाहेर गेलेल्यांनी हे ताट सोबत नेले. मंगळूरच्या कोकणी ख्रिश्चनांत कोंसोआदचे ‘कुसवार’ झाले आणि त्यात दक्षिणेच्या सवयीने चकल्या शिरल्या. वसईचा मुलूख १५३४ पासून चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयापर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तेथील व मुंबईजवळच्या साष्टी बेटावरील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातील एका मोठ्या गटाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांच्या सणात मार्झिपान आहे, पण सोबत बाटलीत भरून ठेवलेला स्वतःचा ‘बाटली मसाला’ही आहे, आणि खिमड नावाचे मसाले घालून गरम केलेले मद्यही.

हिंदू समाजाने या ताटाकडे पाहण्याची रीत मात्र एकसारखी नव्हती. पाव खाल्ला म्हणजे बाटला ही भीती उत्तर कोकणापासून गोव्यापर्यंत दीर्घकाळ टिकली. परंतु त्याच घरांनी काजू, मिरची, बटाटा आणि पेरू यांना देवघराच्या नैवेद्याजवळ आणि उपवासाच्या पानात जागा दिली. पुढे अढी कमी झाली आणि नाताळला ख्रिस्ती घरातून हिंदू घरी कोंसोआद व चतुर्थीला हिंदू घरातून ख्रिस्ती घरी नेवऱ्या, असा परतफेडीचा व्यवहार गोव्याच्या गावांतून रुळला. एकाच पदार्थाची वर्षातून दोनदा, दोन्ही दिशांनी ये-जा होऊ लागली.

गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये आणि बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. नेवरीला ते मिळणे कठीण आहे, कारण देशावर ती करंजी, कर्नाटकात कर्जिकाई, गुजरातेत घुघरा आणि उत्तरेत गुजिया आहे, आणि तिच्यावर कोणा एका प्रांताला हक्क सांगता येत नाही.