न्यूजलेटरचे मेल परत का येतात? बाउन्स मेसेज कसा वाचायचा आणि ब्लॅकलिस्टमधून बाहेर कसं पडायचं

आमच्या गावच्या अभ्यासिकेचं एक छोटं न्यूजलेटर मी चालवतो. सव्वाचारशे वाचक आहेत. भरतीच्या जाहिराती, स्कॉलरशिपच्या शेवटच्या तारखा असा सगळा मामला. जूनमध्ये एका वाचक मुलीचा फोन आला, "दादा, या वेळी मेल का नाही टाकला? फॉर्मची तारीख परवाच गेली." मी तर मेल टाकला होता. मग इनबॉक्स उघडून नीट बघितलं, तर 'मेल डिलिव्हरी सबसिस्टिम' नावाने आलेले ६३ मेसेज न वाचता पडून होते. तिचाही पत्ता त्यात होता.

हे मेसेज आपण कचरा समजून सोडून देतो, कारण ते इंग्रजीत आणि किचकट दिसतात. पण मेल का पोचला नाही याचं उत्तर बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. म्हणून ब्लॅकलिस्ट तपासायला धावण्याआधी ते वाचा.

आधी आकडा बघा

मेसेजमध्ये तीन अंकी कोड शोधा. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का, तोच मेल पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्याच्या शेजारी टिंबं असलेला आणखी एक कोड असतो, खरी माहिती त्यात. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय. ५.७ ने सुरू होणारे कोड म्हणजे पत्ता बरोबर असेलही, पण सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने तुमचा मेल घ्यायला नकार.

माझ्या ६३ पैकी ३८ होते ५.१.१. कारण? वाचकांचे पत्ते आम्ही अभ्यासिकेच्या वहीवर पेनाने लिहून घेतले होते! कुठे 'जीमेल'च्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट, कुठे 'कॉम'च्या जागी 'कॉन'. नऊ जणांचे मेलबॉक्स भरलेले. उरलेल्या १६ मेसेजमध्ये ५.७.१ आणि पुढे 'स्पॅमहॉस'चं नाव. त्या मुलीने कॉलेजचा मेल आयडी दिला होता आणि तिच्या कॉलेजचा सर्व्हर स्पॅमहॉसची यादी बघूनच मेल आत घेत होता.

ब्लॅकलिस्ट चालते कशी?

स्पॅमहॉस ही १९९८ मध्ये सुरू झालेली संस्था. स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांच्या याद्या ती ठेवते आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या वापरतात. तपासायची पद्धत मोठी गमतीशीर आहे. समजा मेल १९२.०.२.२५ या आयपीवरून आला. घेणारा सर्व्हर तो आकडा उलटा करतो, २५.२.०.१९२, त्याला यादीचं डोमेन जोडतो आणि डीएनएसला विचारतो, "हे नाव आहे का?" नाही म्हटलं तर आयपी यादीत नाही. १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं तर आहे. शेवटचा अंक कोणती यादी ते सांगतो. १० किंवा ११ असेल तर घाबरू नका, ती घरगुती इंटरनेटच्या आयपींची यादी असते. तुमच्यावर स्पॅमचा आरोप नसतो, एवढंच की त्या आयपीवरून थेट मेल सर्व्हर चालवू नये.

स्वतः तपासायचं तर स्पॅमहॉसच्या साइटवरच आयपी टाका. गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येऊ शकतं. त्याचा अर्थ 'इथून विचारू नका' एवढाच. अनेक जण तेच बघून ब्लॅकलिस्ट झालो म्हणून डोकं धरून बसतात.

माझा शेवटचा अंक होता ४, म्हणजे व्हायरस किंवा हॅक झालेल्या मशिनवाली यादी. आता मी काय हॅक होणार? पण आमची साइट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर होती. एकाच आयपीवर कितीतरी साइट, त्यातली कुणाची तरी हॅक झाली आणि भोगलं आम्ही. होस्टिंगवाल्यांना कळवलं तर पहिलं उत्तर आलं, "ब्राउझरचा कॅशे क्लिअर करा." स्पॅमहॉस नाव काढण्याचे पैसे घेत नाही, त्यामुळे 'डीलिस्ट करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि मूळ घाण तशीच ठेवून नाव काढलं तर ते पुन्हा यादीत जातं. शेवटी मी न्यूजलेटर पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेवर गेलो.

तरी मेल स्पॅममध्ये!

इथे चूक माझीच. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली यादी. जुनी ओळ तशीच ठेवून मी नव्या सेवेची दुसरी ओळ टाकली. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते, दोन झाल्या की तपासणीच फेल. दोन्ही सेवा एकाच ओळीत लिहायच्या. त्यासोबत डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, सुरू करा. आणि डीमार्क, म्हणजे हे दोन्ही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं याची सूचना. सुरुवातीला डीमार्क 'नन'वर ठेवा.

तपासायला स्वतःच्या जीमेलवर एक अंक पाठवा. फोनच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' सुरू करून, नाहीतर सरळ कॉम्प्युटरवर, तो मेल उघडा आणि तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' बघा. तिन्हींसमोर 'पास' हवं.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची, शिवाय एका टॅपमध्ये अनसबस्क्राइब. छोट्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी लागतंच. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणं सगळ्यांनाच लागू. आमच्या सव्वाचारशेच्या यादीत दोघांनी 'स्पॅम' दाबलं तरी ०.४७ टक्के होतात! म्हणून अनसबस्क्राइबची लिंक आता मी अंकाच्या वरच देतो. जाणारा निमूट गेलेला बरा.

५.१.१ वाले ३८ पत्ते त्याच दिवशी उडवले. बंद पडलेले आणि चुकीच्या स्पेलिंगचे काही पत्ते स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडायला सापळा म्हणूनही वापरतात, त्यामुळे असे पत्ते ठेवणं महागात पडतं. वही बंद केली. आता क्यूआर कोडवरून फॉर्म आणि मग 'हा पत्ता तुमचाच ना?' असा खात्रीचा मेल. त्यातल्या लिंकवर टॅप केल्याशिवाय नाव यादीत येत नाही. भरलेल्या मेलबॉक्सवाल्यांना तीन अंकांची मुदत देतो.

त्या मुलीची ती स्कॉलरशिप मात्र गेली ती गेलीच. पुढच्या एका स्कॉलरशिपची तारीख महिनाअखेर होती. तो अंक पाठवला आणि लॉगमध्ये पहिला तिचा पत्ता शोधला. कॉलेजच्या सर्व्हरचं उत्तर होतं २५०, म्हणजे मेल घेतला. तरी खात्रीसाठी फोन केलाच. म्हणाली, "आला दादा, फॉर्मच भरतेय."